अण्णांची वही आणि पोटातला पडदा

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका पेढीवर छत्तीस वर्षे दिवाणजी म्हणून काम केले. निवृत्तीनंतर कीर्द लिहिण्याचे काही कारण उरले नव्हते. पण जानेवारी २०१७ मध्ये त्यांच्या दोन्ही मूत्रपिंडांचे काम जवळजवळ थांबले आणि त्यांनी पुन्हा लाल बांधणीची एक वही आणवली. तिच्यात त्यांनी स्वतः पाच रकाने आखले : वेळ, पिशवीचा रंग, आवक, जावक, शिल्लक. पुढची पाच वर्षे दिवसातून चार वेळा त्या वहीत नोंद होत राहिली. हा सगळा हिशेब त्यांच्या पोटातील एका पातळ पडद्याचा होता. त्या पडद्याला वैद्यकशास्त्रात पेरिटोनियम आणि मराठीत पर्युदर म्हणतात. वयाच्या पन्नाशीपर्यंत मला त्याचे नावही ठाऊक नव्हते आणि आज शरीराच्या कोणत्याही भागाविषयी मला याच्याइतकी आत्मीयता वाटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आरंभी एक तक्रार नोंदवणे आवश्यक वाटते. ज्या रुग्णालयात अण्णांच्या आजाराचे निदान झाले, तेथे आम्हाला आठवड्यातून तीन वेळा रक्ताचे डायलिसिस करावे लागेल एवढेच सांगण्यात आले. दुसरा मार्ग असतो हे कोणी उच्चारलेही नाही. अण्णांचे हृदय आधीच अशक्त होते आणि हाताच्या शिरा इतक्या बारीक होत्या की डायलिसिससाठी लागणारी फिस्टुला, म्हणजे हातातल्या धमनीची आणि शिरेची जोडणी, एकदा करूनही ती चालली नाही. मिरजेत ज्या किडनीच्या डॉक्टरांचा दुसरा सल्ला आम्ही घेतला, त्यांनी पहिल्याच भेटीत अण्णांच्या पोटावर तळहात ठेवला आणि म्हटले, “काका, तुमच्या शिरा साथ देत नसतील, तर आपण ह्याला कामाला लावू.” ‘ह्याला’ म्हणजे कोणाला, हे समजायला आम्हाला तो सगळा आठवडा लागला.

डॉक्टरांनी समजावताना कांद्याचा दाखला दिला. कांद्याच्या दोन पाकळ्या एकमेकींपासून सोडवताना मध्ये जो ओलसर, पारदर्शक पापुद्रा हाती येतो, तसा हा पडदा दिसतो. त्याचा पृष्ठभाग चपट्या पेशींच्या एकाच थराचा असतो, त्याखाली थोडे जोडऊतक आणि त्यात केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेला तो भित्तीचा थर, आणि तोच पडदा पुढे वळून यकृत, जठर, आतडी यांच्या अंगावर चढला की तो अवयवांचा थर. म्हणायला दोन थर असले तरी वस्त्र एकच, कोठेही न फाटलेले. या दोन थरांमध्ये जी जागा उरते तिला पोकळी म्हणतात. पण निरोगी माणसात ती रिकामी खोली नसून दोन ओल्या पृष्ठभागांमधली फट असते, आणि तिच्यात जेमतेम काही चमचे द्रव असतो. त्या ओलाव्यामुळेच आतडी एकमेकांवरून अहोरात्र सरकत असतात आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

आतडी या पडद्यात कशी गुंडाळलेली असतात हे मला चित्रावरून कळले नाही. ते कळले आमच्या माडीवर वाळत घातलेल्या धोतरावरून. दोरीवर धोतर टाकले की दोरी कापडाच्या घडीत बसते आणि दोरीखाली कापडाचे दोन पदर एकमेकांना लागून लोंबतात. आतडे ही दोरी समजावी. ते दोन पदर म्हणजे आंत्रबंध. या दोन पदरांच्या मधूनच रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आतड्यापर्यंत पोहोचतात. लहान आतड्याची लांबी सुमारे ६ मीटर असते, परंतु पाठीच्या भिंतीवर आंत्रबंध जेथे जोडलेला असतो ती रेघ केवळ १५ सेंटीमीटरच्या आसपास भरते. नऊवारी लुगड्याच्या निऱ्या कमरेपाशी चार बोटांत गोळा होतात आणि खाली घोळदार पसरतात, तसाच हा प्रकार आहे. आयर्लंडमधील लिमरिकचे शल्यविशारद कॅल्विन कॉफी यांनी २०१६ मध्ये आंत्रबंध हा तुटक तुकड्यांचा समूह नसून एकसलग अवयव मानावा, असे मांडले, तेव्हा त्याची बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली होती. त्या वेळी मी ती वाचून सोडून दिली होती.

जठराच्या खालच्या कडेपासून याच पडद्याची आणखी एक चरबीयुक्त घडी आतड्यांच्या पुढे झोळीसारखी लोंबते. संस्कृतात तिला वपा म्हणतात आणि बोकड सोलताना आतड्यांवर पसरलेली चरबीची जाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी ती पाहिलेलीच आहे. पोटात कोठे सूज आली किंवा छिद्र पडले तर ही जाळी तेथे जाऊन चिकटते आणि रोगट जागा झाकून टाकते, म्हणून इंग्रज शल्यविशारद रदरफोर्ड मॉरिसन यांनी तिला पोटातला पोलीस म्हटले होते. अण्णांच्या बाबतीत मात्र या पोलिसाची डॉक्टरांना धास्ती होती, कारण ही जाळी पोटात बसवलेल्या नळीभोवती गुंडाळली गेली तर नळीच बंद पडते.

मूत्रपिंडांची जागा समजल्यावर अण्णांना विशेष वाटले. मूत्रपिंडे या पडद्याच्या पिशवीत नसतात. ती पडद्याच्या मागे, पाठीच्या बाजूला असतात. म्हणजे जो अवयव थकला त्याच्या अगदी पुढ्यात भिंतीसारखा उभा असलेला पडदा आता त्याचे काम उचलणार होता. “शेजारधर्म म्हणायचा,” असे अण्णा म्हणाले होते.

या उपचाराला पेरिटोनियल डायलिसिस म्हणतात. हे काम कसे चालते ते सांगतो. पडद्याचे एकूण क्षेत्रफळ अंगावरच्या त्वचेच्या क्षेत्रफळाशी बरोबरी करणारे, मोठ्या माणसात १ ते २ चौरस मीटर, असे धरले जाते. पोटात नळीवाटे दोन लिटर स्वच्छ, निर्जंतुक द्रव सोडला की पडद्यातील केशवाहिन्यांमधून वाहणाऱ्या रक्तातली युरिया, क्रिएटिनिन ही टाकाऊ द्रव्ये आणि जादा पोटॅशियम हळूहळू त्या द्रवात उतरतात, कारण रक्तात त्यांचे प्रमाण अधिक आणि द्रवात ते नसते. अंगातले जादा पाणी काढण्यासाठी द्रवात साखर, म्हणजे ग्लुकोज, घातलेली असते. लोणच्याच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, त्याच न्यायाने साखरेचा द्रव रक्तातून पाणी ओढतो. हे पाणी ज्या अतिसूक्ष्म वाटांनी पेशींमधून पार होते, त्या अ‍ॅक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्री यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. साखरेच्या प्रमाणावरून पिशव्या तीन प्रकारच्या येत : दीड टक्क्याची, अडीच टक्क्यांची आणि सव्वाचार टक्क्यांची. आमच्या पिशव्यांच्या खुणा पिवळ्या, हिरव्या आणि लाल होत्या. पाय सुजलेले दिसले की हिरवी, धाप लागली तर डॉक्टरांना विचारून लाल, एरवी पिवळी.

द्रव दिवसा चार ते सहा तास पोटात राहतो, मग तो काढून टाकायचा आणि नवा भरायचा. यालाच आम्ही ‘पिशवी बदलणे’ म्हणत असू. सकाळी सहाला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला आमच्या घरातली मधली खोली बंद होई. पंखा बंद, खिडक्या बंद, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत साबणाने धुतलेले हात, आणि मग नळीचे टोक उघडून पिशवीशी जोडायचे. पिशवी जोडल्यावर आधी थोडा ताजा द्रव नळीतून रिकाम्या पिशवीत वाहू द्यायचा, म्हणजे जोडताना काही जंतू शिरलेच असतील तर ते धुऊन जातात. मग पोटातले पाणी काढायचे, आणि सर्वांत शेवटी नवे भरायचे. या क्रमाने केवढा फरक पडला असेल याची कल्पना, पूर्वी काचेच्या बाटल्यांतून हेच काम चाले, हे वाचल्यावर आली.

काढलेली पिशवी स्प्रिंगच्या काट्यावर लटकवून वजन केले जाई. दोन लिटर घातले आणि दोन लिटर तीनशे निघाले, तर तीनशे मिलिलिटर शिल्लक. अण्णांना सुरुवातीला याचे फार नवल वाटे. पेढीवर जावक आवकेपेक्षा वाढली की मालकाच्या कपाळाला आठ्या पडत. येथे मात्र जावक वाढली तरच रात्री निवांत झोप येई. पहिल्या वर्षी दिवसाला बारा-तेराशे मिलिलिटर शिल्लक पडत असे आणि अण्णा तिच्याखाली तांबड्या शाईने रेघ ओढत.

नातेवाइकांना हे पटवणे मात्र अवघड गेले. आपल्याकडे पोटात पाणी झाले म्हणजे जलोदर, आणि जलोदर म्हणजे माणूस हाताचा गेला, हे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले आहे. तासगावहून भेटायला आलेल्या आमच्या एका आत्याने, पोटात मुद्दाम पाणी भरतात हे ऐकून डोळ्यांत पाणी आणले होते. तिची भीती निराधार नव्हती. यकृत निकामी होऊन, क्षयाने किंवा कर्करोगाने या पडद्याच्या पोकळीत खरोखरच पाणी साठते. आपल्या परंपरेत ते काढण्याचे तंत्रही जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगाच्या प्रकरणी बेंबीच्या खाली, डाव्या बाजूस, मधल्या रोमराजीपासून, म्हणजे केसांच्या रेघेपासून, चार बोटे सोडून व्रीहिमुख (भाताच्या दाण्यासारख्या टोकाच्या) शस्त्राने छिद्र करावे आणि नळी घालून पाणी काढावे, असे सांगितले आहे. त्याहून महत्त्वाची सूचना अशी की सगळे पाणी एकाच दिवशी काढू नये. मध्ये दिवस जाऊ देत थोडेथोडे काढावे, नाहीतर रोग्याला तहान, ताप, श्वास असे उपद्रव होतात. आजही पाच लिटरांहून अधिक पाणी एका वेळी काढायचे असेल तर रक्तदाब खाली जाऊ नये म्हणून शिरेतून अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन देतात. मी हे अण्णांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले.

पाश्चात्त्य वैद्यकात मात्र हा पडदा दीर्घ काळ भयाचा विषय होता. पोट उघडले की पडद्याला जंतुसंसर्ग होतो आणि रोगी दगावतो, या अनुभवामुळे शल्यविशारद पोटाला हात लावायला धजत नसत. केंटकीतील एफ्रेम मॅकडॉवेल यांनी १८०९ मध्ये भूल न देता एका स्त्रीच्या पोटातून अंडाशयाची मोठी गाठ काढली आणि ती बाई पुढे अनेक वर्षे जगली, ही त्या काळात अपवादाची गोष्ट होती. इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांच्या आंत्रपुच्छाजवळचा (अपेंडिक्सजवळचा) गळू फ्रेडरिक ट्रीव्ह्स यांनी जून १९०२ मध्ये फोडला आणि त्यापायी राज्यारोहणाचा सोहळा पुढे ढकलावा लागला. हेच ट्रीव्ह्स डिसेंबर १९२३ मध्ये पर्युदराच्या दाहाने मरण पावले. त्याच १९२३ साली जर्मनीत गेओर्ग गांटर हे मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्याच्या पोटात द्रव सोडून रक्त शुद्ध करण्याचा पहिला प्रयत्न करीत होते. एकाच साली हा पडदा एकाचा घात करीत होता आणि दुसऱ्याला आशा दाखवीत होता, हा योग माझ्या मनातून जात नाही. तरीही रोज घरी वापरता येईल अशी पद्धत रुळायला आणखी अर्धशतक लागले. हेन्री टेनकॉफ यांनी १९६८ मध्ये सिलिकॉनची मऊ नळी प्रसिद्ध केली. तिच्यावरच्या धाग्याच्या दोन पट्ट्यांमध्ये आपलेच मांस वाढते आणि नळी घट्ट बसते. मग १९७६ मध्ये टेक्सासमधील पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी द्रव दिवसभर पोटात ठेवून माणसाला हिंडूफिरू देण्याची कल्पना मांडली. अण्णांच्या बेंबीशेजारून बाहेर आलेली नळी ही त्याच टेनकॉफ यांच्या नळीची वंशज होती.

आता माझ्या हातून झालेल्या चुकीविषयी लिहितो. ऑक्टोबर २०१८ मध्ये एका संध्याकाळी घरी पाहुणे होते. मी घाईत होतो. पिशवी जोडताना नळीचे उघडे टोक माझ्या बोटाला लागले. लागले हे मला कळले होते. अशा वेळी लगेच डॉक्टरांना कळवावे, नळीचा पुढचा भाग बदलून घ्यावा, असे आम्हाला शिकवताना स्पष्ट सांगितले होते. पण हात धुतलेले आहेत, काही होत नाही, अशी मी मनाची समजूत घातली आणि अण्णांनाही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे अण्णांचे पोट दुखू लागले आणि सहा वाजता निघालेले पाणी तांदळाच्या धुवणासारखे गढूळ होते.

त्या दिवशी मी या पडद्याच्या वेदनेचे स्वरूप जवळून पाहिले. आतड्यांवरच्या थराला जी संवेदना असते ती मोघम असते. ती ताण कळवते, ठिकाण कळवत नाही. भित्तीच्या थराला मात्र पोटाच्या कातडीला आणि स्नायूंना जे मज्जातंतू असतात त्यांचाच पुरवठा असतो, म्हणून त्याची वेदना धारदार आणि नेमकी असते. आंत्रपुच्छाचे दुखणे आधी बेंबीभोवती घुटमळते आणि सूज भित्तीच्या थराला टेकली की उजवीकडे खाली एका जागी येऊन थांबते, त्याचे कारण हेच. अण्णांचा तर सगळाच पडदा पेटलेला होता. ते पाय पोटाशी घेऊन निश्चल पडून होते; खाट कोणाच्या पायाने हलली तरी त्यांचा चेहरा कसनुसा होई. डॉक्टरांनी पोटावर बोटे हळूच दाबली आणि झटकन उचलली, तेव्हा दाबताना न आलेली कळ उचलताना आली. एरवी मऊ असणारे पोट पाटासारखे कडक लागत होते, कारण पडदा दुखावला की त्याच्यावरचे स्नायू त्याच्या रक्षणासाठी आपोआप ताठरतात.

गढूळ पिशवी आम्ही सोबत नेली होती, हे आमचे सुदैव. तिच्यातल्या पाण्यात पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरला शंभरापेक्षा अधिक आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रकारच्या, असतील तर पडद्याचा दाह धरतात. अण्णांच्या पेशी हजारांत होत्या. तपासणीत जो जंतू सापडला तो माणसाच्या कातडीवर एरवी निरुपद्रवी राहणारा होता. तो माझ्या बोटावरचा होता हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नव्हती. प्रतिजैविक औषध शिरेतून न देता पिशवीतल्या द्रवात मिसळून थेट पडद्यावर सोडण्यात आले, आणि दोन आठवडे ते चालले. चौथ्या दिवशी पाणी निवळले. मी अण्णांना खरे काय घडले ते सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी वही मागवली आणि शेऱ्यासाठी सहावा रकाना आखला. “चूक झाली तर इथं लिहायची. लपवलेली रक्कम शेवटी निघतेच,” एवढेच ते म्हणाले.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. आमचे घर गावभागात. महिन्याच्या पिशव्यांचे खोके नुकतेच आले होते; एकशेवीस पिशव्या म्हणजे अडीचशे किलोच्या आसपास ओझे. ते आम्ही रात्रीतून माडीवर चढवले, आणि दुसऱ्या दिवशी बोटीतून बाहेर पडताना त्यातल्या चोवीस पिशव्या, म्हणजे सहा दिवसांची शिदोरी, बरोबर घेतल्या. विश्रामबागला मावसभावाच्या घरी दिवसेंदिवस वीज नव्हती. द्रव अंगाइतका कोमट असल्याशिवाय पोटात सोडता येत नाही, आणि पिशवी गरम पाण्यात बुडवायची नाही असा दंडक आहे, कारण ओलीतून जंतू शिरतात. माझ्या पत्नीने गरम पाण्याची रबरी पिशवी आणि द्रवाची पिशवी शेजारी ठेवून दोन्ही गोधडीत गुंडाळायला सुरुवात केली. अर्ध्या तासात काम होई. हात धुवायला उकळून गार केलेले पाणी वेगळे राखले होते. बॅटरीच्या उजेडात चारही वेळा पिशव्या बदलल्या गेल्या आणि वहीत एकही नोंद चुकली नाही. रक्ताच्या डायलिसिसला जाणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची त्याच आठवड्यात रस्ते बंद झाल्यामुळे जी तगमग झाली, ती पाहिल्यावर घरबसल्या चालणाऱ्या या उपचाराचे मोल मला वेगळ्याने सांगावे लागले नाही. पुढच्या वर्षी करोनाची टाळेबंदी आली तेव्हाही अण्णा घराबाहेर न पडता तगले.

खाण्यापिण्याच्या बाबतीतही या पडद्याचे स्वतःचे नियम होते. द्रवातली बरीचशी साखर पडद्यातून रक्तात शिरते, दिवसाकाठी शंभर ग्रॅम आणि कधी त्याहूनही अधिक; त्यामुळे अण्णांची भूक मंदावली आणि वजन मात्र वाढले. उलट दिशेने प्रथिने रोज पाच ते दहा ग्रॅम वाहून जातात. अण्णा माळकरी, अंड्याचा प्रश्नच नव्हता. पनीर, दही आणि मोजून दिलेली उसळ यांवर भर द्यावा लागला. पोटॅशियम मात्र चोवीस तास थोडेथोडे निघत असल्यामुळे त्याचे पथ्य पुष्कळ सैल होते, आणि फेब्रुवारीत तासगावची द्राक्षे डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात त्यांना खाता येत. ती दहा-बारा द्राक्षे ते एकेक करून अर्धा तास खात.

पडदा थकतो, हे आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलेले होते. ज्या साखरेच्या बळावर तो पाणी ओढतो तीच साखर वर्षानुवर्षे त्याच्या अंगाला लागून त्याला बदलून टाकते. पृष्ठभागावरच्या पेशी झडतात, खालचे ऊतक जाड होते, नव्या केशवाहिन्या फुटतात. केशवाहिन्या वाढल्यामुळे साखर फार लवकर रक्तात शोषली जाते आणि ती संपली की पाणी ओढायला काही उरत नाही. एखादा मोठा दाह होऊन गेला असेल तर ही झीज लवकर होते. म्हणजे माझ्या बोटाचाही तिच्यात वाटा असणार. वहीत हे सगळे दिसत होते. २०२० च्या अखेरीस दिवसाची शिल्लक आठशेवर आली, दुसऱ्या महापुरानंतर, म्हणजे २०२१ च्या पावसाळ्यानंतर, पाचशेवर. लाल पिशवी चार तास पोटात ठेवून चारशे मिलिलिटरही शिल्लक पडत नसेल तर पडदा पाणी काढण्यास असमर्थ झाला असे मानतात. अण्णांची शिल्लक त्या चाचणीत अडीचशे भरली. तांबडी शाई त्यांनी आधीच बाजूला ठेवली होती.

शेवटच्या वर्षी पोटातील द्रवाच्या दाबाने उजव्या जांघेत हर्नियाही झाला. हर्नियाची जी पिशवी बाहेर येते ती या पडद्याचीच असते. स्नायूंमधली कमकुवत जागा शोधून पडदा तेथून बाहेर डोकावतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये मानेतील शिरेवाटे रक्ताचे डायलिसिस सुरू केले, आणि नंतर एकाच शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून हर्निया दुरुस्त करून पोटातली नळी काढून टाकण्याचे ठरले. अण्णांनी त्याआधी वहीतला पाच वर्षांचा गोषवारा काढला : सुमारे ७,३०० पिशव्या, १४,६०० लिटर आवक.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दुर्बिणीचे चित्रण मोबाइलवर आणले आणि अण्णांच्या उशाशी खुर्ची ओढून ते दाखवले. एरवी हा पडदा इतका तुकतुकीत असतो की दुर्बिणीचा दिवा त्यात चमकतो, असे सांगून त्यांनी आधी दुसऱ्या एका रोग्याचे चित्र दाखवले. मग अण्णांचे. भिंतीवरचा पडदा निस्तेज, पिवळसर, जुन्या मेणकापडासारखा दिसत होता आणि ठिकठिकाणी त्याच्यावर पांढुरके डाग होते. यकृताच्या खाली एका कोपऱ्यात मात्र अजून थोडी चकाकी होती. डॉक्टरांनी तेथे चित्र थांबवले. अण्णांनी चष्मा मागून घेतला, मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि ज्याचा हिशेब त्यांनी पाच वर्षे लिहिला होता त्याला प्रथमच डोळे भरून पाहिले.

“लई राबलाय हो हा,” ते डॉक्टरांना म्हणाले, आणि तो चकाकणारा कोपरा पुन्हा एकदा दाखवायला सांगितला.